मुकादमच्या माश्या आता कोण वारणार?

रिबेका, आधी एक सांग. दाताच्या डॉक्टरकडून आलेल्या बाईच्या सलवारीला सुक्या गवताच्या काड्या कशा काय चिकटतात?

तू म्हणशील, मंदा, मी गेले तरी तुझी उलटतपासणी काही संपत नाही. नाहीच संपत. तुझं परसदार आणि माझं परसदार यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे, आणि लग्न होऊन गव्हाणहून पनवेलला आले तेव्हापासून मी त्या भिंतीवर कोपरं टेकून तुझ्याकडे संशयानेच बघत आलेय. तू गेलीस म्हणून मी एकाएकी भोळी होईन असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

तुझी रूथ म्हणाली, "मंदामावशी, मम्मीबद्दल काहीतरी लिहून दे ना. तिकडे इस्राएलला आपली सगळी मराठी माणसं आहेत, मी त्यांना वाचून दाखवीन." कागद घेऊन बसले खरी. पण तू कुठल्या दवाखान्यात नर्स होतीस, किती बाळंतपणं केलीस, हे सांगायला दुसरे पुष्कळ आहेत. मला लोकांशी काही बोलायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आणि भांडण कशावरून, हे तुला ठाऊक आहे. मुकादमवरून.

रूथ वाचून दाखवील तेव्हा तिकडची माणसं विचारतील, हा मुकादम कोण? तर मुकादम म्हणजे गाढव. चांगलं चार पायांचं, राखाडी रंगाचं, पांढऱ्या तोंडाचं.

तू उलव्याला कुणा ओळखीच्या बाईचा नवा फ्लॅट बघायला गेलीस आणि येताना छोट्या टेम्पोतून गाढव घेऊन आलीस. लोक मिठाईचा पुडा आणतात. मी भिंतीवरून विचारलं, "ह्यो कोनाचा आनलास गो?"

"कुणाचा नाही."

"कुनाचा नाय असा गाढव असतो का? चोरून आनलास ना? खरं सांग."

तू म्हणालीस, बांधकामावर मातीच्या गोण्या वाहायला आणलेल्या गाढवांतलं हे एक. पाय दुखावला म्हणून सोडून दिलेलं. बाकीची राबत होती आणि हा एकटा बाजूला उभा राहून बघत होता, एखाद्या मुकादमासारखा. माझा तुझ्यावर काडीचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस दारात पोलीस येतात का, ते मी खिडकीतून बघत होते. पण त्या दिवशी त्याच्या पुढच्या पायाची जखम बघितली आणि मी चोरीचं विसरलेच. माश्यांनी ती जखम नुसती काळी केली होती आणि आत अळ्या वळवळत होत्या. तू पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधलीस, मोरीपाशी बसलीस आणि चिमट्याने एकेक अळी काढायला लागलीस. मी भिंतीपलीकडे नाक दाबून उभी. तू मान वर न करता म्हणालीस, "आज पाणी गरम करायला गॅस पेटत नाहीये माझा." मी घरी जाऊन पाणी गरम केलं आणि पातेलं भिंतीवरून दिलं. तुझा गॅस पेटत होता की नव्हता, हे मी अजून तपासलेलं नाही.

तिथून पुढे आपल्या दोघींचं आयुष्य म्हणजे माश्या. माणसं रिटायर होऊन माश्या मारत बसतात म्हणे, आपण खरोखरच बसलो. थंडीत ठीक असायचं. पण होळी झाली की जे सुरू व्हायचं ते पाऊस लागेपर्यंत, आणि पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की पुन्हा. डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या, पायांना चावऱ्या माश्या, आणि गोमाशी आली की ह्या शहाण्याचं नाचकाम सुरू. तू सगळं दवाखान्यातल्यासारखं बसवलंस. ऊन चढायच्या आत त्याला परसात फिरवून आणायचं आणि मग दिवसभर पडवीच्या अंधारात, ओल्या गोणपाटाच्या पडद्यामागे ठेवायचं. पायाशी उभा पंखा. लीद पडली की उचल, पडली की उचल. डोळे ओल्या फडक्याने पुसायचे, दर डोळ्याला वेगळं फडकं. कडुनिंबाचं तेल खोबरेलात मिसळून पायांना लावायचं, तेही आधी त्याच्या मांडीवर टिकलीएवढं लावून, अंगावर काही उठत नाही ना ते बघून. आणि पायाच्या केसांना ती गोमाशीची पिवळी बारकी अंडी चिकटतात, ती बोथट सुरीने खरवडून काढायची. मी म्हणायचे, माझ्या नातवाच्या उवा मी एवढ्या मन लावून काढल्या नाहीत.

तू त्याला जुन्या सलवारींचे पाय कापून मोजे शिवलेस. मी मच्छरदाणी कापून तोंडाला बुरखा शिवला, खाली झालर लावून. तू म्हणालीस, "मंदा, त्याला दिसणार नाही." मी म्हटलं, "त्याला काय पेपर वाचायचाय?" त्यावरून आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर बुरखा गाढवाच्या तोंडावर, आणि तू माझ्याकडे न बघता झाडू मारतेयस. झालर मात्र तू दोन बोटं आखूड केली होतीस. ती मी मोजून पाहिली, हे तुला माहीत नसेल.

माश्या येतात कुठून, हे भांडण तर तुझ्याबरोबरच गेलं. माझं म्हणणं, मागच्या लग्नाच्या हॉलमधून. ते लोक उष्टं खरकटं गटारापाशी टाकतात, मी लपून बघितलंय. तुझं म्हणणं, "आपलीच लीद आधी बघ, मंदा. लांबच्या माणसावर संशय घेणं सोपं असतं." मला लागलं ते. मी रागाने तुझा लीद साठवायचा खड्डा उघडून दाखवला, ताडपत्री जागेवर, एक माशी नाही. तू म्हणालीस, बघू. तुझं ते 'बघू' मला अजून ऐकू येतं. मी बरोबर होते, रिबेका. काल पुन्हा लग्न होतं आणि आज मुकादमच्या डोळ्यांवर बघ कशा झुंबड करून आल्यात.

आता शनिवारचं.

तुमचा शब्बाथ. शुक्रवारी दिवे लावलेस की शनिवारी दिवे लागेपर्यंत तू कामाला हात लावायची नाहीस. ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून गावात तुम्हाला शनवार तेली म्हणायचे, हे तूच सांगितलंस. ते सगळं कबूल. पण गाढव आल्यावर मला तुझा भलताच संशय यायला लागला. शनिवारी सकाळी तू भिंतीपाशी यायचीस, मुकादमकडे बघायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "आज माश्या फार आहेत, नाही?"

मी म्हणायचे, "हायत."

"गोमाशी पण दिसते एखादी."

"दिसते."

मग तिथून जायचीही नाहीस. मला कळायचंच नाही, ही बाई उभी का आहे. शेवटी त्या जनावराची तडफड बघवेना म्हणून मी फाटकातून आत यायचे, तेल लावायचे, लीद उचलायचे. तू खुर्चीवर बसून हवापाण्याच्या गप्पा मारायचीस. एकदा मी भडकले. म्हटलं, "सरळ सांगायला तोंड नाय का तुला? मंदा, जरा त्याला तेल लाव, एवढं बोलायला काय होतं?"

तू म्हणालीस, "शब्बाथला काम करायचं नाही, तसं दुसऱ्याला सांगायचंही नाही. सांगितलं म्हणजे मीच केलं. माझे वडील पाळायचे, मी पाळते. त्या दिवशी गाढवाला पण सुट्टी असते, मंदा. शेजारणीला पण."

"मग माश्या माश्या काय बोलत बसतीस?"

"मी काम सांगितलं का? मी माश्यांबद्दल बोलले."

"तू नर्स कशाला झालीस गो, वकील व्हायचं होतंस!"

आपण दोघी किती हसलो होतो! मुकादम बिचकून मागे सरला आणि पंख्याची वायर उपटली. एवढं हसल्यावर माझ्या मनात काही राहायला नको होतं. पण राहिलं. कारण मला हळूहळू दिसायला लागलं की तू फक्त शनिवारीच सांगत नाहीस असं नाही. तू मंगळवारीही सांगत नाहीस, बुधवारीही नाही. तुझा शनिवार सगळ्या आठवड्यात पसरला होता. गुडघा दुखत असला तर "जिना आज उंच वाटतो." ताप असला तर "आज रिक्षा मिळत नाहीत म्हणे." मी ओळखायचं आणि धावायचं. कधी ओळखायला उशीर झाला तर तू तशीच बसून राहायचीस, तोंड हसरं ठेवून. त्याचा मला किती संताप यायचा! ही मला परकी समजते म्हणून मागत नाही, असं मी मनात धरून होते.

खरं म्हणजे तू विचारायचीही नाहीस. माझे हे गेले तेव्हा घरात मेळा भरला होता आणि जो येतो तो मला विचारतोय, काय हवं, काय करू, जेवलीस का. मला किंचाळावंसं वाटत होतं. तू आलीस, कुणाला एक शब्द बोलली नाहीस, आत जाऊन भात टाकलास, माझा फोन उचलून तुझ्या खिशात घातलास आणि माझ्या पाठीशी येऊन बसलीस. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आभार मानले असते तर तूच म्हणाली असतीस, डोकं फिरलं का काय तुझं. आज लिहिते. तू त्या दिवशी नसतीस तर मी त्या घरात वेडी झाले असते.

पण गवताच्या काड्या, रिबेका.

गणपती गेले, तुमचं नवं वर्ष झालं आणि तू दाताचं निमित्त काढून सकाळी सकाळी बाहेर जायला लागलीस. एकदा गेलीस, पुन्हा गेलीस. मी विचारलं, "काय झालं दाताला?" म्हणालीस, "सिमेंट भरलं." गाल सुजलेला नाही, जेवायला कुरकुर नाही, उलट माझ्याकडचं सुकं बोंबील मिटक्या मारत खाल्लंस. तुला खवले नसलेला मासा चालत नाही, बोंबील खातेस तेही मला विचारून विचारून, आणि त्या दिवशी एक प्रश्न नाही! तेव्हाच मी ओळखलं की तुझं चित्त ठिकाणावर नाही. सलवारीला काड्या, चपलेला चिखल. आणि रिक्षावाला कोपऱ्यावरच सोडून गेला, दारापर्यंत आला नाही. म्हणजे तूच त्याला तसं सांगितलं असणार, मी बघू नये म्हणून.

मग तू दवाखान्यात गेलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की मी रोज येत होते आणि रोज वाट बघत होते. तू म्हणशील आणि मी हो म्हणेन. 'मंदा, मुकादमला सांभाळशील ना?' बस, एवढे चार शब्द. तू काय बोललीस? "पडवीतला पंखा आवाज करतो हल्ली." मी घरी येऊन पंख्याला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "आता परसात ऊन लवकर येत असेल." मी म्हटलं, येतं. तू छताकडे बघितलंस. मी तुझ्याकडे. पुन्हा तुझ्या खाटेच्या पायाशी उभी राहून वाट बघितली. नाहीच बोललीस.

तू म्हणशील, मग तू का नाही बोललीस? बोलणार कशी? मी गव्हाणची. आमच्यात मरणाच्या वाटेवरच्या माणसाजवळ उभं राहून 'तुझं अमुक मला दे' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर सात पिढ्या नावं ठेवतील. सरकारने जमिनी घेऊन पैसे वाटले तेव्हापासून तर आमच्या घरात सख्खे भाऊ एकमेकांना पाणी विचारताना दहा वेळा विचार करतात, ह्याचा अर्थ तो काय काढील म्हणून. माझ्या सासूच्या मागे तिचा पाटा मी उचलला, तर नणंदेने अख्ख्या आळीत सांगितलं, बाई थंड व्हायच्या आत हिने घर झाडून नेलं. पाटा, रिबेका! मसाला वाटायचा दगड! तेव्हापासून मी ठरवलं, कुणी आपल्या तोंडाने दिल्याशिवाय हात लावायचा नाही. तू द्यायची नाहीस आणि मी मागायची नाही. बसलो दोघी.

तू गेलीस. तुमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे रूथ सात दिवस जमिनीवर बसली, माणसं येत होती, जात होती. मी मात्र पडवीत. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माश्यांना थोडंच कळतं घरात मयत झालंय ते. मुकादम सारखा फाटकाकडे कान करून उभा राहायचा. तेल लावताना पाय उचलून द्यायचा, पण तुझ्या वेळी जसं डोकं खांद्यावर ठेवायचा तसं मला नाही करायचा. मला तेही खुपलं. आता गाढवाचासुद्धा हिशेब ठेवतेय मी.

सातव्या दिवशी रूथ उठली, तोंड धुतलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, उद्या सकाळी मुकादमला न्यायला गाडी येणार. मम्मीने सगळी व्यवस्था करून ठेवलीय. उरणच्या रस्त्याला एक वाडी आहे, तिथे अशीच टाकून दिलेली जनावरं सांभाळतात. ती स्वतः जाऊन बघून आली होती."

गवताच्या काड्या!

मी "बरं झालं," म्हटलं आणि घरी आले. घरी येऊन बादलीला लाथ मारली. माझ्या मनात काय काय आलं ते ऐकायचंय? ही मुलगी घर विकायला निघालीय, गाढव अडचण होतंय, म्हणून आईच्या नावावर खपवतेय. मग वाटलं, नाही, रूथला खोटं बोलता येत नाही, ती बोलली की तिचे कान लाल होतात, तुझ्यासारखेच. मग वाटलं, ती वाडी तरी खरी आहे का? गाढवं चोरून कुठे कुठे पाठवतात, काय काय करतात त्यांचं, मी ऐकलंय. आणि ह्या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट होती आणि ती मला गिळवत नव्हती. एवढी वर्षं मी त्या जनावराच्या ढुंगणामागे खराटा घेऊन फिरले, आणि तू त्याला परक्यांच्या हवाली केलंस. माझ्यावर तुझा विश्वास नव्हता. तुला वाटलं असणार, मंदा माझ्यापाठी त्याला बघणार नाही. की वाटलं, हिचं वय झालं? माझं? मी तुझ्याहून चांगली चार वर्षांनी लहान आहे!

सकाळी गाडी आली. मी आधीच परसात जाऊन उभी होते. गाडीवाला साठीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, नाव रफीकभाई. मी गाडीभोवती एक फेरी मारली. तळाला भुसा पसरला होता, बाजूंना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. कुठेही खिळा वर आलेला नाही. एवढं नीटनेटकं बघून मला जास्तच संशय आला.

"लीद किती वेळा उचलता?" मी विचारलं.

"सकाळ, दुपार, शाम. जनावर जास्त, माश्या जास्त. फिकीर तर करावीच लागते."

"पायाची अंडी?"

"बोथट छुरी. रिबेकाबाईंनी दाखवली पद्धत."

पाठ करून आलाय, मी म्हटलं मनात.

रूथने मुकादमचा दोर सोडून त्याच्या हातात दिला आणि फोन आला म्हणून आत गेली. आता हा नेईल, असं मला वाटलं. नेईना! आधी पाणी मागितलं. दिलं. मग म्हणाला, "ताई, तकलीफ नसेल तर थोडी चाय?" मी चहा केला. तो बशीत ओतून फुंकून फुंकून प्याला. मग टायर बघितले. चारही. मग पायरीवर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी तिकडे बघितलं की हा दुसरीकडे बघायचा. मला खात्रीच झाली, हा माणूस घर हेरतोय. रूथ परत गेली की कुलूप फोडायला येणार. मी त्याच्या गाडीचा नंबर मनात पाठ करून टाकला.

"भाई, न्यायचं तर न्या," मी म्हटलं. "ऊन चढतंय. माश्या आल्या की तो गाडीत चढायचा नाय."

"नेतो, ताई. जल्दी कसली?"

ऊन माझ्या बाजूच्या भिंतीवरून खाली उतरलं, तुझ्या तुळशी पुदिन्याच्या कुंड्यांवर आलं. आणि आल्याच माश्या. आधी डोळ्यांवर, मग पायांवर. मुकादमने एक पाय आपटला, दुसरा आपटला. रफीकभाई दोर धरून नुसता उभा. मला राहवेना. आत जाऊन बुरखा आणला, त्याच्या तोंडाला बांधायला लागले आणि बोलत सुटले. "हे बघा, डाव्या कानाला आधी हात लावायचा नाय, तो बिचकतो. बुरखा उजवीकडून घालायचा. संध्याकाळी काढून ठेवायचा, घामाने खाज सुटते. जुन्या जखमेच्या जागी तेल कमी, तिथली कातडी नाजूक हाय. पंखा पायाशी, तोंडावर नाय. आणि मेघ गडगडला की त्याच्याजवळ उभं राहायचं, बोलायचं काय पण, पण बोलायचं..."

रफीकभाई मान हलवत होता, आणि मुकादमने माझ्या हाताखालून डोकं पुढे काढलं आणि माझ्या पोटात खुपसलं. माश्यांपासून लपायला हो, प्रेमाबिमाने नव्हे, मला काय कळत नाही?

"कुठं नेताय त्याला?" मी ओरडले. "नाय न्यायचा! मुकादम कुठं जानार नाय. ह्यो हितंच राहील, माझ्याजवळ."

तो माणूस एका क्षणात हलला, रिबेका. दोर माझ्या हातात, फळी वर, कडी बंद. "शुक्र है," म्हणाला, आणि खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं.

मी चक्रावलेच. एवढ्या लगेच? माझा संशय आणखी वाढला. "काय शुक्र? थांबा. काय चाललंय तुमचं?"

तेव्हा तो बोलला. "ताई, बाईंनी मला ताकीद दिली होती. गाडी घेऊन जा, पण भिंतीपलीकडच्या ताईंना विचारू नका. एक लफ्ज नाही. पाणी मागा, चाय मागा, टायर बघा, वेळ काढा. त्या आपल्या मर्जीने नको म्हणाल्या तर रिकामे परत जा. बाई म्हणाल्या, मी विचारलं तर मंदा हो म्हणेल, माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणेल आणि मग आयुष्यभर ओझं वाहील. तिच्या गळ्यात बांधायचं नाही मला."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"उन्हं कुंड्यांवर येईपर्यंत थांबा, म्हणाल्या होत्या. मग घेऊन जा." तो गाडीत चढला, काच खाली केली. "उन्हं कधीची आली होती, ताई. मी आपला थांबलो."

गाडी गेली. रूथ बाहेर आली, माझ्या हातातला दोर बघितला आणि काही न विचारता रडायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं. तिचे कान मी बघायला हवे होते.

आता मला सांग, ही कुठली रीत? तू माझ्यावर उपकार केलेस की माझी परीक्षा घेतलीस? तुला माझी खात्री होती म्हणून गाडी बोलावलीस, की खात्री नव्हती म्हणून? आणि तो रफीकभाई तुझ्यासारखाच वेळ पाळणारा असता तर? मी संध्याकाळपर्यंत पडवीत बसून हे उलटसुलट करून बघितलं. दोन्हीकडून बरोबर वाटतं आणि दोन्हीकडून राग येतो. रूथला विचारलं तर म्हणते, "मम्मीला माहीत होतं तू बोलशील." पोरीचं काय ऐकायचं, ती मला बरं वाटावं म्हणून बोलते.

भिंतीचा मधला तुकडा मी गवंड्याला सांगून पाडून घेणार आहे, त्याला इकडून तिकडे यायला जायला. रूथ हो म्हणालीय. घर विकणार नाही म्हणते, निदान एवढ्यात नाही. मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे.

आणि तुझं ते म्हणणं, की तू विचारलं असतंस तर मी तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हटलं असतं. बरोबर आहे. म्हटलंच असतं. त्यात वाईट काय होतं? तुझ्या तोंडाकडे बघूनच तर मी सगळं केलं. शनिवारचं तेल, रोजची लीद, बुरखा, पंखा. तू एवढी हुशार, पण हे तुला कळलं नाही. मला गाढव कधीच नको होता, रिबेका. मला तू हवी होतीस गो.